केशवराव आणि ८ जुलैची रात्र

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते संगीतसूर्य केशवराव भोसल्यांविषयी. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. पोरवयात नाटक कंपनीत गेले, ‘शारदा’ करून गाजले. पुढे गवई रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. १९०८ साली हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली, तेव्हा वय होतं १७. हो, अवघं १७!

पण मला सांगायचीय ती १९२१ची गोष्ट. ८ जुलै. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळकांना जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. केशवराव मोठे की बालगंधर्व, यावरून त्या काळी रसिक हमरीतुमरीवर यायचे. आणि हे दोघे त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले! नाटक खाडिलकरांचं ‘मानापमान’. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

आता बघा, ‘मानापमान’ म्हणजे गंधर्वांच्या हक्काचं नाटक. भामिनी ते १९११पासून करत आलेले. केशवराव स्वतः एका कंपनीचे मालक, तरी दुसऱ्याच्या अंगणात गायला उतरले. आणि गंधर्वांनीही आपलं अंगण मोकळं करून दिलं. मन केवढं लागतं त्याला! एकीकडे गंधर्वांचा लडिवाळ, वळणावळणाचा गळा. दुसरीकडे केशवरावांचा चढा, धारदार, तानेत बाणासारखा सुटणारा. आणि माईक नाही, बरं का. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द नुसत्या गळ्यानं पोचवायचा. आज गालाला माईक चिकटवून पद गातात आणि तरी शब्द कळत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पदात आधी शब्द, मग तान. असो.

तर ८ जुलै १९२१, ‘संयुक्त मानापमान’. तारीख ध्यानात ठेवा. कारण त्यानंतर ८८ दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. आपल्याकडे ३१ म्हणजे गवई नुकता कुठे मुरायला लागतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं. नट, गायक, पडद्यामागची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. दिवस उजाडला, तो केशवरावांच्या जयंतीचा.