पहिल्या दिवशी कमी किलोमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

१५ एप्रिल १९५७ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनवरून एक बस निघाली. आत २० प्रवासी होते आणि जायचं होतं थेट कलकत्त्याला. ओस्वाल्ड गॅरो-फिशर यांनी सुरू केलेल्या त्या बससेवेचं नाव 'इंडियामन'. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असं करत ती ५ जूनला कलकत्त्यात पोचली. परतीच्या वाटेवरून लंडनला आली ती २ ऑगस्टला, ठरलेल्या तारखेपेक्षा १६ दिवस उशिरा. पुढं बरीच वर्षं युरोप आणि आशिया जोडणाऱ्या या वाटांवर वेगवेगळ्या लोकांच्या बसगाड्या धावल्या. मग १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ते दिवस संपले.

अशा प्रवासांच्या गोष्टी निघाल्या की लोक वाळवंटं सांगतात, घाट सांगतात, सीमेवर अडकून पडलेली रात्र सांगतात. पहिल्या दिवसाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मी गटांबरोबर व्यवस्थापक म्हणून बसने लांबचे प्रवास करते आणि माझं मत अगदी ठाम आहे, की पुढचे सगळे आठवडे कसे जाणार हे बरंचसं त्या पहिल्याच दिवशी ठरतं. म्हणूनच त्या दिवशी अंतर कमी ठेवावं. निम्मं ठेवलं तरी चालेल.

यावर प्रवासी नाराज होतात, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. महिनोन् महिने वाट पाहिलेली असते, अंगात उत्साह असतो आणि बस मात्र सारखी थांबते. पण इंडियामनचाच हिशेब करा ना. पोचायला ५० दिवस लागणार असतील, तर पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे किलोमीटर कमी झाल्यानं काय बिघडतं? ते अंतर पुढं कुठल्याही सरळ रस्त्यावर भरून काढता येतं. पहिल्या दिवशी ज्या सवयी लागत नाहीत, त्या मात्र विसाव्या दिवशी लावू म्हटलं तर लागत नाहीत.

सुरुवात बस सुटण्याआधीच होते. निरोप द्यायला आलेली मंडळी दारात उभी असतात, फोटो चाललेले असतात आणि अशा गडबडीत कागदपत्रं तपासायची असतात. प्रत्येकाचा पासपोर्ट हातात घेऊन उघडून बघायचा. "आहे हो, बॅगेत आहे" या उत्तरावर पुढं जायचं नाही. कारण ती बॅग बहुतेक वेळा डिकीत सगळ्यात खाली गेलेली असते, आणि सीमेवर पोचल्यावर ती काढायला सगळ्यांचं सामान रस्त्यावर उतरवावं लागतं. पासपोर्टची मुदत बघायची, कारण पुष्कळ देशांना तुम्ही तिथं गेल्यावर पुढं ६ महिने तरी ती शिल्लक लागते. व्हिसावरच्या तारखा आपल्या कार्यक्रमाशी जुळतात का, तेही बघायचं.

माणसांप्रमाणे बसलाही कागद लागतात. पुष्कळ देशांमध्ये बाहेरचं वाहन आत न्यायचं तर कार्नेट लागतं. हे वाहन आम्ही इथं विकणार नाही, परत बाहेर घेऊन जाऊ, याची ती हमी असते. मोटार संघटना ते देतात. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग देशात शिरताना जकात अधिकारी काढून घेतो, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा शिक्के घेऊन आपल्याजवळ राहतो. आत येतानाचा शिक्का राहून गेला तर बाहेर पडताना बस अडते, आणि बसबरोबर सगळा गट अडतो. म्हणून पहिली सीमा पहिल्याच दिवशी लागणार असेल, तर तिच्यासाठी मी कितीही वेळ राखून ठेवते.

बस हलण्यापूर्वी आणखी एक काम. आपत्कालीन दार कुठं आहे, आग विझवायचं नळकांडं कुठं आहे, काच फोडायची हातोडी कुठं टांगली आहे, हे सगळ्यांना जागेवर जाऊन दाखवायचं. हातोडी काचेच्या मधोमध मारायची नाही, कोपऱ्याजवळ मारायची. काच तिथं लवकर फुटते. पट्टे बांधून घ्यायचे. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते उद्यावर टाकलं की राहूनच जातं.

आता जागांचा प्रश्न. पुढच्या खिडकीजवळची जागा सगळ्यांनाच हवी असते. जो आधी चढला त्याची जागा कायमची, असं पहिल्या दिवशी होऊ दिलं तर गटात तेव्हापासूनच दोन तट पडतात, पुढचे आणि मागचे. म्हणून रोज सगळ्यांनी ठरावीक ओळी सरकायचं, हे निघण्याआधीच सांगून टाकावं. याला एकच अपवाद मी करते, तो बस लागणाऱ्या माणसांचा. आपल्या कानाच्या आतल्या भागाला शरीर हलतंय हे कळत असतं आणि डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा फोनच्या पडद्याकडे स्थिर असतात. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळायला लागतं. अशा माणसाला पुढं बसवावं, समोरचा लांबचा रस्ता दिसेल असं. मागच्या चाकांच्या मागं तर मुळीच नको, तिथं हेलकावे सगळ्यात जास्त बसतात. गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि ज्याला बस लागते त्यानं ते आधी सांगावं, यात लाजण्यासारखं काहीही नाही.

माणसं मोजणं, हे मात्र माझ्या मते पहिल्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम आहे. पहिल्या थांब्यावर बस निघताना कुणीतरी हमखास विचारतं, "कोण राहिलंय का?" जो राहिलाय तो उत्तर द्यायला बसमध्ये नसतोच. आणि पहिल्या दिवशी चेहरे ओळखीचे नसतात, त्यामुळे शेजारची जागा रिकामी दिसली तरी लोकांना वाटतं, मागं जाऊन बसला असेल. म्हणून दोन दोन माणसांच्या जोड्या लावायच्या. आपला जोडीदार चढलाय की नाही एवढंच प्रत्येकानं बघायचं. नवरा-बायकोची जोडी मी लावत नाही, कारण गेले तर ते दोघंही बरोबरच जातात. त्याशिवाय मी स्वतः दारापासून शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन मोजते, आणि येताना पुन्हा मोजते. दोन्ही आकडे सारखे आले तरच बस हलते.

यालाच लागून वेळेचा प्रश्न येतो. पहिल्या थांब्यावर एका माणसासाठी १५ मिनिटं बस थांबली, की वेळेवर आलेले सगळे मनात नोंद करतात आणि पुढच्या थांब्यावर तेही सावकाश येतात. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून थांब्याचा वेळ मिनिटांत सांगू नये, घड्याळातली वेळ सांगावी. "वीस मिनिटं" म्हटलं की कुणी उतरल्यापासून मोजतं, कुणी चहा हातात आल्यापासून. "अकरा वाजून दहाला बस निघेल" म्हटलं की प्रश्न उरत नाही. सीमा ओलांडल्यावर घड्याळं बदलायची असतील तर तेही तिथल्या तिथं सगळ्यांकडून करून घ्यावं.

आता मला पाण्याबद्दल बोलायचंय, आणि हे विशेषतः ज्येष्ठ श्रोत्यांनी ऐकावं. पहिल्या दिवशी पुष्कळ लोक, त्यातही बायका, पाणी पीतच नाहीत. स्वच्छतागृह मिळेल की नाही, आपल्यासाठी बस थांबवायला सांगायची कशी, हा संकोच असतो. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं आणि लोक म्हणतात प्रवासाचा शीण आहे. खरं तर ते पाणी न प्यायल्यामुळं असू शकतं. लांब बसून राहण्याचा दुसरा धोका पायांचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे ४ तास किंवा त्याहून जास्त प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मुळात ती शक्यता कमीच असते, ६ हजारांत एक अशी, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तो अभ्यास केवळ विमानांबद्दल नव्हता. बस, गाडी आणि रेल्वेलाही ते लागू आहे. उपाय साधा आहे. दर दोन तासांनी उतरावं, चालावं. बसल्या जागी घोटे फिरवावेत. आणि हे शक्य व्हायचं असेल तर थांब्यांची यादी सकाळीच मोठ्यानं वाचून दाखवली पाहिजे. पुढचं स्वच्छतागृह केव्हा लागणार हे माहीत असलं की माणसं निर्धास्तपणे पाणी पितात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

उतरण्याचीही एक शिस्त असते. ब्रिटिश बसचं दार डाव्या अंगाला असतं. युरोपच्या मुख्य भूमीवर, तुर्कस्तानात, इराणमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. तिथं अशी बस कडेला उभी केली की दार थेट धावत्या रस्त्याकडे उघडतं. त्या जुन्या बसमधून उतरणाऱ्यांना पाकिस्तानची हद्द लागेपर्यंत रोज हे भान ठेवावं लागत असणार. तुमची बस कुठलीही असो, मी आधी खाली उतरणार आणि मगच तुम्ही, हे पहिल्याच थांब्यावर पक्कं करते.

शेवटी चालकाबद्दल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सलग साडेचार तास बस चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते. दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोन वेळा १०. आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सर्वसाधारणपणे सलग ११ तासांची विश्रांती. जिथं असा नियम नाही तिथंही मी तो पाळते, कारण आपले सगळ्यांचे जीव त्या एका माणसाच्या झोपेवर अवलंबून असतात. ही विश्रांती बस मुक्कामी पोचली म्हणून लगेच सुरू होत नाही. सामान उतरवून, बस झाडून, डिझेल-पाणी बघून त्याचं काम संपतं, तेव्हा सुरू होते. पहिल्या दिवशी सामान उतरवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कुणाला आपली बॅग कुठं ठेवली ते आठवत नसतं. समजा आपण लांब पल्ला मारून रात्री नऊला पोचलो आणि दहाला त्याचं काम संपलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत बस हलवता येत नाही. तेच संध्याकाळी पाचला, उजेडात पोचलो आणि सहाला तो मोकळा झाला, तर पहाटे पाचलाही निघता येतं. नमस्कार.