‘मुद्देसूद लिहा’ म्हणजे नक्की काय करायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेला एक शेरा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल : ‘मुद्देसूद लिहा.’ मला तो विद्यार्थिनी असताना मिळाला, आणि शिक्षिका झाल्यावर मी तोच शेकडो वह्यांवर लिहिला. एकदा एक मुलगा वही घेऊन परत आला. “बाई, मुद्देसूद म्हणजे नक्की काय करू?” मी म्हटलं, “नीट मांडून लिही.” तो “बरं” म्हणून गेला. आपण एका कोड्याचं उत्तर दुसऱ्या कोड्याने दिलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्र झाली होती.

आज बोलायचं आहे ते रूब्रिकबद्दल. नाव परकं असलं तरी गोष्ट साधी आहे. एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. डावीकडे एकाखाली एक निकष : विचार, आधार, मांडणी, भाषा. प्रत्येक निकषासमोर तीन किंवा चार रकाने, आणि प्रत्येक रकान्यात त्या पातळीचं काम कसं दिसतं याचं वर्णन. हा तक्ता विद्यार्थ्याच्या हातात काम सुरू करण्याआधी पडतो. रूब्रिक या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘रुब्रिका’, म्हणजे गेरू, तांबडी माती आहे. युरोपात मध्ययुगातल्या हस्तलिखितांमध्ये मथळे आणि सूचना लाल रंगात लिहीत, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे तिथली लाल अक्षरं वाचणाऱ्याला वाट दाखवायला होती. आपल्या हातात आल्यावर ती चुकांवर रेघा ओढायला लागली.

पण तक्ता हवाच कशाला? अनुभवी शिक्षकाला एक नजर टाकली की कळतं, असं आपण म्हणतो. मीही म्हणायची. मग एका सहकारी बाईंनी माझी गंमत केली. मी तपासलेल्या पाच निबंधांच्या झेरॉक्स प्रती, गुण झाकून, महिनाभराने दुसऱ्या गठ्ठ्यात सरकवल्या. एका निबंधाला मी आधी २० पैकी १२ दिले होते, दुसऱ्यांदा १५. निबंध तोच, तपासणारी तीच. फरक एवढाच, की पहिल्या खेपेला त्याच्या आधी एक फार सुंदर निबंध वाचून झाला होता.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांना पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण हाती आले. एका उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले होते, आणि दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. भाषेचा विषय, असं होणारच, असं म्हणावं तर पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे सगळ्यात कमी गुण २८ आणि सगळ्यात जास्त नव्वदीच्या पुढे. कुणी अंतिम उत्तराला गुण दिले, कुणी पायऱ्यांना, कुणी गबाळेपणाचे कापले.

त्याहून बोलका प्रयोग अमेरिकेतलेच संशोधक पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, १९६१ मधला. ३०० निबंध, वेगवेगळ्या क्षेत्रांतले ५३ वाचक, नऊ श्रेणी. चांगलं कशाला म्हणायचं, हे वाचकांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. शंभरातल्या ९४ निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. सगळा गोंधळच म्हणायचा. पण डिडरिक तिथे थांबले नाहीत. आकड्यांचं विश्लेषण केल्यावर त्यांना वाचकांचे पाच गट दिसले. एका गटाची नजर कल्पनांवर होती, दुसऱ्याची रचनेवर, तिसऱ्याची व्याकरण आणि शुद्धलेखनावर, चौथ्याची शब्दयोजनेवर, तर पाचव्याची लिहिणाऱ्याच्या खास ढबीवर. म्हणजे वाचकांनी हयगय केली नव्हती. प्रत्येक जण मनातल्या एका निकषाशी इमान राखून होता. तो निकष कुणी उघड बोलून दाखवला नव्हता, एवढंच.

रूब्रिक मनातला निकष कागदावर आणतं. आणि तिथेच खरी कसरत सुरू होते, कारण बहुतेक रूब्रिकं वाईट असतात. माझं पहिलं तर फारच वाईट होतं. चार रकाने, त्यांत चार शब्द : उत्कृष्ट, चांगले, साधारण, असमाधानकारक. मी जुन्या शेऱ्यांना चौकटीत बसवलं होतं, बस. ‘चांगले’ आणि ‘उत्कृष्ट’ यांच्यात फरक काय, ते पुन्हा माझ्याच डोक्यात राहिलं.

रकान्यात लिहायचं ते कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असं. ‘आधार’ हा निकष घेऊ. सर्वांत वरच्या पातळीचं वर्णन असं करता येईल : प्रत्येक विधानाला आधार दिला आहे आणि त्या आधारावरून ते विधान कसं सिद्ध होतं, हेही लिहिलं आहे. त्याखाली : आधार आहेत, पण त्यांचा विधानाशी संबंध वाचणाऱ्याला स्वतः जुळवावा लागतो. त्याखाली : काही विधानं आधाराशिवाय सोडली आहेत. आणि शेवटी : नुसतं मत आहे. ज्या मुलाला मी ‘नीट मांडून लिही’ म्हणाले होते, त्याला यातला दुसरा रकाना दाखवला असता तर पुढची पायरी त्याची त्यालाच दिसली असती.

मोजता येईल असं लिहायचा मोह मात्र टाळावा. मी एकदा ‘किमान तीन उदाहरणे’ असं लिहून बसले. सगळ्या वर्गाने तीन उदाहरणं दिली, इमानेइतबारे. त्यातलं एक जिवंत असेल तर शपथ! मुलं आपण मागतो ते देतात, म्हणून मागताना जपायचं.

निकषांचं वजनही आधीच सांगावं. २० गुणांत विचार आणि आधार यांना १३, मांडणीला ४, शुद्धलेखनाला ३, असं ठरलं की काना-मात्रा चुकवणाऱ्या पण डोकं चालवणाऱ्या मुलाचं नशीब आपल्या त्या दिवशीच्या मूडवर टांगलेलं राहत नाही. एका बाबतीतल्या मताची छाया दुसऱ्या बाबतीतल्या मतावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. वळणदार अक्षर पाहून आपल्याला विचारही वळणदार वाटू लागतात. तेव्हा अक्षराला गुण द्यायचे असतील तर वेगळा निकष करून द्या, नाहीतर अजिबात देऊ नका. गठ्ठा तपासतानाही मी आता सगळ्यांचं पहिलं उत्तर आधी पाहते, मग सगळ्यांचं दुसरं. वेळ जास्त लागतो, खोटं कशाला बोलू.

शिक्षक दोन असतील तर तपासणी सुरू होण्याआधी दोघांनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासाव्यात आणि मग समोरासमोर बसावं. तक्ता एक असूनही त्याचं वाचन दोन तऱ्हांनी होतं, हे तिथे कळतं. वाद होतो, तो तेव्हाच झालेला बरा.

तरीही दर वर्षी एखादा असा निबंध येतो, की तो कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि सगळ्यांत चांगला तोच असतो. अशा वेळी मी तक्ता बाजूला ठेवते, गुण देते, कारण लिहिते आणि सुट्टीत तक्ता दुरुस्त करते. हा नियमभंग आहे, असं माझ्या त्या सहकारी बाईंचं म्हणणं. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

गेल्या परीक्षेनंतर एक मुलगी तक्ता आणि उत्तरपत्रिका घेऊन आली. पूर्वी मुलं यायची ती “बाई, दोन मार्क वाढवा ना” म्हणत. ही म्हणाली, “बाई, आधारात तुम्ही मला दुसरी पातळी दिलीत. पण हा परिच्छेद बघा, संबंध लिहिलाय मी.” पाहिलं, तर होता लिहिलेला. मी गुण वाढवले. ती जायला निघाली, दारापाशी थांबली आणि परत आली. “पण मांडणीत तुम्ही जरा जास्तच दिलेत, बाई.”

नमस्कार.