पडदा कुणाच्या हातात?

नमस्कार मंडळी. परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळात समोर बरेच नागपूरकर बसलेत. मघाशी चहाच्या रांगेत ‘काहून बे’ कानावर आलं तेव्हाच ओळखलं. मीही तिकडचाच.

जगातली सर्वांत मोठी चित्रपटसृष्टी कुणाची, असं विचारलं की आपण छाती फुगवतो. आकडा आपल्या बाजूचा आहेच. युनेस्कोने २००६ सालची मोजदाद जाहीर केली तेव्हा भारत १,०९१ चित्रपटांसह पहिला, नायजेरिया ८७२, अमेरिका ४८५. गल्ला मोजला तर अमेरिका आणि चीन पुढे. या याद्यांवर वाद घालायला मजा येते, पण पडदा कुणाच्या हातात आहे ते त्यातून कळत नाही.

कोरियाकडे बघा. तिथे वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणं थिएटरला बंधनकारक होतं. तो कोटा कमी करायची भाषा सुरू झाली, तेव्हा १९९९ साली दिग्दर्शकांनी भर रस्त्यात मुंडण करून निषेध केला. शेवटी २००६ मध्ये तो ७३ दिवसांवर आलाच. पण तोवर प्रेक्षकाला आपल्या सिनेमाची सवय लागलेली होती. फ्रान्सचा मार्ग वेगळा: प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर, आणि तो पैसा परत सिनेमाकडे. हॉलिवूडचा सिनेमा तिथे धो धो चालला, तरी फ्रेंच दिग्दर्शकाची झोळी थोडी भरतेच! नायजेरियाने तर थिएटरची वाटच पाहिली नाही. नव्वदच्या दशकात तिथले सिनेमे व्हिडिओ कॅसेटवरून थेट घरात शिरले.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने मराठी सिनेमाला आधी करपरतावा दिला, मग अनुदान. म्हणजे सिनेमा बनवायला पैसे. बनलेला सिनेमा लागणार कुठे, हा प्रश्न तसाच.

विदर्भात तर तो जास्तच टोचतो. चित्रपटाच्या धंद्यात आपण ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, मोडतो. सीपी बेरार म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, सर्किट मात्र कायम. त्यात विदर्भाबरोबर जबलपूरकडचा भाग आणि छत्तीसगडही येतं. आता वितरकाच्या खुर्चीत बसून विचार करा. हिंदी सिनेमाचे हक्क घेतले तर नागपूर, जबलपूर, रायपूर सगळीकडे चालेल. मराठीचे घेतले तर अर्ध्या सर्किटमध्ये गिऱ्हाईकच नाही. तो काय घेईल? नागपूरकरांना मराठीचं प्रेम नाही, असं पुण्या-मुंबईत सहज म्हटलं जातं. माझ्या मते प्रेमाआधी हा हिशेब बघावा.

नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ नागपुरात चित्रित केला, वस्तीतली पोरं घेतली. सिनेमा हिंदीत निघाला, २०२२ मध्ये आला. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ती पोरं गल्लीत जशी बोलतात तशीच पडद्यावर बोलली. आपल्या भागातली इतकी खरी बोली मी फार कमी सिनेमांत ऐकलीय.

इथे परदेशात तर कुठला कोटा नाही, कर नाही, अनुदान नाही. मराठी सिनेमाला गैरसोयीच्या वेळेचा एखादा शो मिळतो आणि पुढच्या आठवड्याचा निर्णय थिएटरवाला तिकीट विक्री बघून घेतो. तेव्हा कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे: नव्या सिनेमाच्या पहिल्या शुक्रवारचा एक शो मंडळाच्या नावाने आधीच बुक करा. दिवाळीच्या बजेटमधून थोडी काटछाट झाली तरी चालेल. फराळाला चकल्या दोन कमी आल्या तर मी तरी तक्रार करणार नाही.