चला बोस्टन, बोस्टन, बोस्टन!

नमस्कार श्रोतेहो. मार्च संपत आला की आपल्याकडे काही घरांत एक वेगळीच गडबड चालू होते. कॉटवर दोन मोठ्या बॅगा उघड्या, वजनकाट्यावर एकदा नुसता माणूस आणि एकदा बॅग घेतलेला माणूस, भाजणी आत की बाहेर यावरून वाद, आणि लेक तिकडे अमेरिकेतनं व्हिडिओ कॉलवर ओरडतेय, अगं आई इथे सगळं मिळतं. तर आजचं बोलणं ह्या मंडळींसाठी. बॅगेत काय भरायचं ते मी सांगणार नाहीये, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बोलणार आहे मधल्या एअरपोर्टबद्दल. मुंबईला सोडायला भाचा येतो, पलीकडे घ्यायला लेक येते, पण मध्ये जिथे विमान बदलायचं तिथे आपलं कोणी नसतं आणि पोटात गोळा येतो तो तिथल्याच विचाराने.

उदाहरण म्हणून दुबई घेऊ, आपली बरीच माणसं तिथनंच जातात. २०२४ साली ह्या एका एअरपोर्टवर ९ कोटी २३ लाख प्रवाशांची ये-जा झाली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, त्यावरून अंदाज घ्या. आणि ह्यातले कितीतरी जण दुबईत जातच नाहीत, एका विमानातनं उतरतात आणि दुसऱ्यात बसतात. ह्यालाच हब म्हणायचं. मुंबई, कोची, ढाका, नैरोबी असं सगळीकडनं विमानं साधारण एकाच सुमाराला येऊन टेकतात, आतली माणसं आपापसात बदलतात आणि दोन-तीन तासांत परत चारी दिशांना सुटतात. म्हणून पहाटे उतरल्यावर जी तोबा गर्दी दिसते ती बघून घाबरू नका, ती ओसरते.

आता भूगोल. टर्मिनल तीन. एमिरेट्स ह्या दुबईच्याच कंपनीचं विमान म्हणजे टर्मिनल ३, ते २००८ ला सुरू झालं. त्यात विमानं जिथे लागतात त्या भागांना कॉनकोर्स म्हणतात, ए, बी आणि सी. बी मधनं सी मध्ये चालत जाता येतं, मध्ये सरकते पट्टे आहेत, ए ला जायला मात्र ट्रेन. डी म्हणून अजून एक आहे, तो टर्मिनल १ चा, तिथे इतर कंपन्यांची विमानं. टर्मिनल २ धावपट्टीच्या पार पलीकडे, तिथे बसने नेतात. झाला भूगोल. आणि खरं सांगू का, हा नाही लक्षात राहिला तरी काही बिघडत नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच. अक्षर, आकडा, वेळ. गेटचं अक्षर, गेटचा आकडा, आणि गेट बंद व्हायची वेळ. परत सांगते, अक्षर, आकडा, वेळ. लिहून घ्या कुठेतरी.

विमानातनं उतरलात की पाट्या दिसतात, अरबीत आणि इंग्रजीत. आपण शोधायची ती कनेक्शन्सची पाटी. अरायव्हल्स किंवा बॅगेजच्या पाटीमागे जायचं नाही, ती दुबईत बाहेर पडणाऱ्यांची. कनेक्शन्स, लक्षात ठेवा. तिथे परत एकदा सिक्युरिटी असते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच रिकामी करा. बाटली टाकू नका, पुढे पाणी भरता येतं. सिक्युरिटी झाली की वर, आणि वर गेल्या गेल्या मोठा बोर्ड, कुठलं विमान कुठल्या गेटला ते सांगणारा. दुकानं नंतर. ती सेंटची आणि चॉकलेटची दुकानं मुद्दाम अशी वाटेत मांडलेली असतात की माणसाने बोर्ड विसरावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती चॉकलेटं आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केटात मिळतात, फक्त पिशवी वेगळी.

हो, आणि एक राहिलं. विमान टेकलं रे टेकलं की उठून उभे राहणारे लोक. दार उघडायला वेळ लागतो हे माहीत असतं, तरी वरनं बॅग काढून मान वाकडी करून उभे. काय मिळवतात देव जाणे. जाऊ दे.

तर बोर्ड. आता मी तुम्हाला आमच्या मामांची गोष्ट सांगते. आमच्या घरात ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा ठेवायला गेलात तरी चालेल.

आमचे मामा एसटीत कंडक्टर होते. सातारा डेपो. उभी नोकरी सातारा, फलटण, पंढरपूर ह्या बाजूला झाली. रिटायर झाले, मुलगा बोस्टनला, सून बाळंत व्हायची, म्हणून मामा-मामी निघाले. दोघांचाही पहिलाच विमान प्रवास. मामेभावाने व्हॉट्सॲपवर सूचनांचा नुसता पाऊस पाडला, फोटो काय, बाण काय, नकाशा काय. मामांनी ते सगळं एकदा बघितलं आणि म्हणाले, हे काय खरं नाही. एक जुनी डायरी घेतली, पेन खिशाला लावलं, आणि निघाले. मामी म्हणाल्या, अहो तो एवढा शिकलेला मुलगा सांगतोय. मामा म्हणाले, तो आत्ता बोस्टनमध्ये बसलाय, त्याला काय माहीत तिथे त्या दिवशी फलाट कुठला लागतोय.

आता इथे मामांचा सगळा अनुभव आहे बघा. एसटीत राहिलेल्या माणसाला एक पक्कं माहीत असतं, फलाटाचा आकडा ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. पंढरपूर गाडी रोज पाचवर लागते म्हणून सगळे पाचवर ताटकळतात आणि गाडी लागते आठवर. मामांचं म्हणणं असं की गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत चौकशीच्या खिडकीपासून फार लांब जायचं नाही.

दुबईला उतरले. कनेक्शन्स, सिक्युरिटी, सगळं व्यवस्थित. बोर्डावर बोस्टन शोधलं, बी चं गेट होतं. डायरीत लिहिलं, बोस्टन, बी, पुढे आकडा, पुढे वेळ. मग मामी आणि ते चालत चालत गेटवर गेले. तिथे बघतात तर आपलीच मंडळी. दोन-तीन मराठी कुटुंबं, एक नागपूरच्या आजी एकट्याच निघालेल्या, आणि एक पुण्याचे साहेब, कंपनीच्या कामाला चाललेले, लॅपटॉप उघडून बसलेले. मामींना इतका आनंद झाला, लगेच बाकरवडी निघाली, कोणाची मुलगी काय करते सुरू झालं. सगळे निवांत, कारण अनाउन्समेंट होईल तेव्हा उठू.

आणि इथेच गोम आहे. दुबईला प्रत्येक विमानाची अनाउन्समेंट होत नाही. आपल्या मुंबईलाही होत नाही आता. शांतता असावी म्हणून. अहो, स्टँडवर वाढलेली माणसं आपण, आपल्याला कोणीतरी कानाशी ओरडल्याशिवाय गाडी सुटतेय असं वाटतच नाही. तिथे कोणी ओरडत नाही. बोर्ड बघायचा, आणि परत परत बघायचा.

मामा मात्र दर थोड्या वेळाने उठायचे. मामी म्हणायच्या, बसा की जरा. ते म्हणायचे, आलो चौकशीला जाऊन. पहिल्यांदा गेले, बी. दुसऱ्यांदा गेले, बी. तिसऱ्यांदा गेले आणि बघतात तर बोस्टनच्या ओळीत ए. आकडाही वेगळा. मामांनी चष्मा पुसला, परत बघितलं, ओळ पुढे सरकून परत येईपर्यंत थांबले, तेव्हाही ए. डायरीतलं बी खोडलं, वर ए लिहिलं, नवा आकडा लिहिला.

परत आले आणि त्या पुण्याच्या साहेबांना म्हणाले, साहेब, आपला बोर्ड बदललाय, ए ला लागलंय विमान. साहेबांनी लॅपटॉपमधनं मान वर न काढता सांगितलं, नाही हो काका, ॲपवर बीच आहे. मामा म्हणाले, बोर्डावर ए आहे. साहेब म्हणाले, बोर्ड अपडेट व्हायचा असेल. आता बघा, ॲप बघितलं होतं कधी, तर मगाशी. मामा काही वाद घालणारे नाहीत. तिकीट न काढणाऱ्याशी ज्यांनी जन्मभर वाद घातला त्यांना वाद नेमका कधी सोडायचा ते कळतं.

त्यांनी काय केलं, मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले, डायरी काखेत मारली, छाती भरून श्वास घेतला आणि सातारा स्टँडवरच्या आवाजात, त्या गुळगुळीत, थंडगार, शांत एअरपोर्टवर आरोळी दिली. "चला बोस्टन, बोस्टन, बोस्टन! गेट बदललंय! ए ला चला! बोस्टनवाले कोण राहिलंय का?"

मामी सांगतात, मला वाटलं आता पोलीस येणार आणि आम्हाला इथनंच परत पाठवणार. अख्खं गेट वळून बघायला लागलं. एक अरब आजोबा जपमाळ ओढत होते ते थांबले. काउंटरजवळची एक मुलगी धावत आली, मामांनी तिला डायरी दाखवली, मग बोर्डाकडे बोट दाखवलं. तिने स्क्रीन बघितला, हसली आणि मान डोलावली. येस सर, ए. बस, एवढं ऐकल्यावर आपली सगळी मंडळी उठली. बाकरवडीचा डबा बंद, शाली गोळा, पिशव्या गोळा. आणि नुसती आपली नाही, दोन गुजराती कुटुंबं, एक तेलुगू जोडपं आणि एक उंच गोरा मुलगाही मागोमाग निघाला. त्या मुलाला काय कळलं कोणास ठाऊक, बोस्टन तेवढं कळलं असणार.

मग वरात ट्रेनकडे. बी मधनं ए ला जायला ट्रेन आहे हे मी मगाशी सांगितलंच. मामा दाराशी उभे, एकेकाला आत घेतायत, मोजतायत. वेबिल भरायची सवय हो, माणसं मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नागपूरच्या आजी मागे राहिल्या होत्या, त्यांच्यासाठी एक ट्रेन सोडली. त्या आल्या, सगळे बसले, दारं मिटायला लागली आणि मामांचा हात आपोआप वर गेला. डबल बेल द्यायला. दोरीच नव्हती तिथे. मामा सांगतात, माझं मलाच हसू आलं, पण तोंडाने टण् टण् म्हटलंच.

ते पुण्याचे साहेब? आले की. शेवटच्या डब्यात होते, लॅपटॉप पोटाशी धरून. गेटवर पोचले तर बोर्डिंग सुरू झालं होतं. अमेरिकेच्या विमानाला गेटवर परत एकदा कागद बघतात, कधी सामानही परत तपासतात, त्यात वेळ जातो. आणि एमिरेट्सचं गेट विमान सुटायच्या २० मिनिटं आधी बंद होतं. सुटायच्या वेळेला नाही, २० मिनिटं आधी. हे परत एकदा ऐका, सुटायच्या २० मिनिटं आधी गेट बंद. आपण तिसरी गोष्ट वेळ म्हणतो ती ही.

विमानात नागपूरच्या आजींनी मामांना विचारलं, तुम्ही नेहमी जाता का हो अमेरिकेला? मामा म्हणाले, मी ह्या रूटला नवीन आहे.

बघा, गोष्टीतच वेळ गेला, निर्माते काचेपलीकडनं घड्याळ दाखवायला लागले. तर राहिलेलं भराभर सांगते.

घड्याळ म्हटलंच आहे तर, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मोबाईल नेट मिळालं की आपोआप वेळ बदलतो, पण मोबाईल एअरप्लेन मोडवरच राहिला तर बदलत नाही, आणि हातातलं घड्याळ तर आपण बदलल्याशिवाय बदलतच नाही. जाताना चुकलं तर फार काही होत नाही, तासभर लवकर जाऊन बसाल. परत येताना हातावर अमेरिकेची वेळ असते तेव्हा घोळ होतो. म्हणून वेळ बघायची ती एअरपोर्टच्या भिंतीवरची.

व्हीलचेअर. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, लाजू नका. मामी लाजल्या होत्या आणि मग बोस्टनला दोन दिवस पाय शेकत बसल्या. पण धडधाकट माणसं केवळ रांग टाळायला आणि वाट दाखवायला कोणी मिळावं म्हणून व्हीलचेअरवर बसतात, आणि मग ज्या आजींना खरंच उभं राहवत नाही त्या ताटकळतात, हे मला अजिबात पटत नाही. वाट विचारायला तोंड आहे. तिथे काम करणाऱ्यांत आपल्या भागातली माणसं पुष्कळ, हिंदीत विचारलंत तर बहुतेक वेळा हिंदीत उत्तर येतं.

कॉनकोर्स ए बद्दल एक सांगायचं राहिलं, ते ए-३८० ह्या दुमजली विमानांसाठी खास बांधलेलं जगातलं पहिलं कॉनकोर्स, २०१३ चं. वेळ असेल तर काचेतनं बघा, नातवंडांना सांगायला बरं. आणि हा सगळा एअरपोर्टच पुढेमागे दुबईतल्याच अल मकतूम एअरपोर्टला हलवायचा बेत त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलाय, तेव्हा मी सांगितलेला भूगोल काही वर्षांनी पुसून टाका. अक्षर, आकडा, वेळ तेवढं ठेवा.

शेवटचं, सामान. मुंबईला चेक-इन करताना बॅगेला जी चिठ्ठी लावतात तिच्यावर शेवटच्या गावाचं तीन अक्षरी नाव असतं. तिथे बोस्टनचं आहे की दुबईचं ते काउंटर सोडायच्या आधी विचारून घ्या, आणि तिचा छोटा तुकडा देतात तो पासपोर्टमध्ये ठेवा. अमेरिकेत उतरून पुढे आणखी विमान असेल तर पहिल्या गावीच बॅग पट्ट्यावरनं काढून कस्टम करून परत द्यावी लागते. तसंच येतानाही. मुंबईला उतरून पुढे नागपूरला जायचं असेल तर साधारणपणे मुंबईलाच बॅगा घ्यायच्या असतात. आणि पुढचं विमान टर्मिनल १ चं निघालं तर तुम्ही सहारला आणि विमान सांताक्रूझला, मध्ये मुंबईचा रस्ता. तेव्हा त्या तिकिटावर टर्मिनल १ आहे का २, ते बुक करतानाच मुलाला विचारा. तो म्हणेल आई, ॲपवर आहे. म्हणू दे, तुम्ही डायरीत लिहून घ्या. नमस्कार.