कागदातून गाळलेली कॉफी

श्रोतेहो, नमस्कार. फिल्टर कॉफी म्हटलं की आपल्याला दुमजली स्टीलचा फिल्टर आठवतो आणि दुधासाखरेची दाट, फेसाळ कॉफी. आज बोलायचंय ते ड्रिपरबद्दल. कपावर ठेवायचा शंकू, त्यात कागद, कागदात कॉफी आणि वरून हाताने सोडलेलं पाणी. कागदाची ही युक्ती जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची, १९०८ सालची. तिनं चक्क मुलाच्या वहीतला टिपकागद वापरला होता. कागद गाळ तर अडवतोच, कॉफीतलं बरंचसं तेलही धरून ठेवतो. म्हणून ही कॉफी पातळ आणि स्वच्छ लागते, आणि बिनदुधाचीच प्यायची असते. जायफळ घातलेली दुधाची कॉफी हवी असेल, तर तिला आपलं पातेलंच बरं.

ड्रिपर निवडताना फार डोकं शिणवू नका. प्लास्टिकचा स्वस्त असतो आणि कामालाही चोख, कारण तो पाण्याची उष्णता फारशी खात नाही. चिनीमातीचा देखणा खरा, पण आधी उकळत्या पाण्यानं तापवून घ्यावा लागतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते दळण्यावर करा.

सगळा खेळ दळण्याचा आहे. दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते, आणि तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते. ती कागदात घातली की पाणी तुंबतं आणि कपात कडू काढा उतरतो. म्हणून चिकमगळूर, कोडगू किंवा अराकूकडची, चिकोरी नसलेली अरेबिका जातीची कॉफी घ्या, तीही अख्ख्या बियांची. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. भाजून आठवडा झालेली कॉफी उत्तम, महिन्याच्या आत संपवावी. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथं ओल आणि लसणाचा वास दोन्ही लागतात.

दळण जाड रव्याइतकं. हातानं फिरवायचा, दातेरी चकत्यांचा ग्राइंडर यासाठी सगळ्यात चांगला. मिक्सरच्या पात्यानं काही पीठ होतं, काही कण्या राहतात. पीठ कडवटपणा देतं, कण्या आंबटपणा. मिक्सरच असेल तर थांबत थांबत फिरवा आणि बारीक चाळणीनं पीठ काढून टाका. तेवढ्यानंही फरक पडतो.

आता प्रमाण. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. चमच्यानं मोजू नका, कारण हलकी भाजलेली आणि काळपट भाजलेली कॉफी एका चमच्यात सारख्या वजनाची भरत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबा, म्हणजे ते ९२ ते ९४ अंशांवर येतं. हलक्या भाजणीला थांबायची गरज नाही, गडद भाजणीला आणखी थोडं थांबा. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं थेट ओतलं तरी चालेल. पाणी पिण्याचंच घ्या. बोअरचं जड पाणी चव मारतं, तर आरओचं फार हलकं पाणी कॉफी पोकळ करतं.

कागदाची शिवण दुमडा, ड्रिपरमध्ये बसवा आणि गरम पाण्यानं धुवा. कागदाचा वास जातो, भांडंही तापतं. ते पाणी फेकून द्या. पूड घालून सपाट करा आणि घड्याळ लावा. आधी ४५ ग्रॅम पाणी, सगळी पूड भिजेल असं. भाजलेल्या कॉफीत वायू अडकलेला असतो, तो बुडबुडे होऊन निघतो. तो निघाल्याशिवाय पाणी कणांत शिरत नाही, म्हणून ४० सेकंद थांबा. बुडबुडे आलेच नाहीत, तर कॉफी शिळी आहे.

मग मधून बाहेर गोल गोल, बारीक धारेनं, सव्वा मिनिटापर्यंत एकूण १५० ग्रॅम. जरा थांबून दोन मिनिटांपर्यंत २५० पुरे करा. थेट कागदावर धार सोडू नका, ते पाणी कॉफीला न शिवताच खाली जातं. बारीक तोटीची किटली नसेल तर स्टीलची झारी चालते, फक्त आधी ती गरम पाण्यानं तापवून घ्या. तीन मिनिटांच्या आसपास शेवटचा थेंब पडायला हवा. कपात २२० ग्रॅमच येईल. बाकीचं चोथ्यानं धरलेलं असतं.

दोन मिनिटांत सगळं उतरलं आणि कॉफी आंबट, पाणचट लागली, तर दळण बारीक करा. चार मिनिटं झाली, घशाला कोरडा कडवटपणा आला, तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण आणि पाणी दोन्ही बदललं तर चव कशानं सुधारली ते कळणार नाही. चोथा मधे खोल खड्डा पडून उरला असेल, तर धार जोरात किंवा फार उंचावरून पडली असं समजा.

दूध घालायचंच असेल तर कॉफी २० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम घ्या, दळण थोडं बारीक ठेवा, आणि गरम दूध पाव कपापेक्षा जास्त नको.