साध्या फायलींचा आग्रह

(संपादक-लेखकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला दिलेला विषय आहे ‘साध्या मजकूर-फायलींतून संकेतस्थळ कसं चालवावं’. त्याकडे येतोच. पण इथे बसलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी अंक काढला आहे, निदान प्रुफं तरी तपासली आहेत. म्हणून आधी रफाराबद्दल बोलू द्या.

माझ्या परिचयाचे एक संपादक आहेत. जिल्ह्याच्या गावातून वर्षानुवर्षं दिवाळी अंक काढत. नव्वदच्या दशकापासूनचे अंक त्यांनी सीडींवर जपले होते, प्रत्येक सीडीवर स्केचपेनने साल घातलेलं. ते सगळं संकेतस्थळावर आणायचं ठरलं. सीड्या चालल्या, फायली उघडल्या आणि पडद्यावर दिसलं काय, तर इंग्रजी अक्षरांचा काला. अंक पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला, फॉन्ट एका विक्रेत्याचा, आणि तो चालायला संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला, डोंगल म्हणजे परवान्याची किल्ली लावावी लागे. डोंगल त्यांनी कपाटात नीट ठेवला होता. तो लावायचं पोर्ट असलेला संगणकच मिळेना. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे नवी आवृत्ती विकत घ्या. आपणच लिहिलेलं, आपणच छापलेलं वाचायला पुन्हा पैसे! मला याची आजही चीड येते.

इथल्या तरुण मंडळींनी तो काळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या फॉन्टांत मराठी साठतच नसे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टंकलं, तर फाइलीत साठतात ई, जे, के, बी आणि एच ही रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे चेहरे चढवतो. फॉन्ट काढून घेतला की खाली मराठीचा मागमूस नाही. आणि प्रत्येक विक्रेत्याची चेहऱ्यांची वाटणी निराळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नसे, हे आपल्यापैकी अनेकांनी छापखान्यात भोगलं आहे.

गंमत पाहा, याच्यावरचा उपाय तेव्हा अस्तित्वात होता. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यात देवनागरी होती. १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे संगणकतज्ज्ञ न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असताना थॉम्प्सननी टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८चा, म्हणजे ते क्रमांक फाइलीत साठवायच्या पद्धतीचा, आराखडा मांडला. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते त्याच पद्धतीने साठतं, एकेका चिन्हाला तीन बाइट. विंडोज २०००बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्टही आला. पण पेजमेकरला युनिकोड मराठी झेपत नव्हतं, त्यामुळे छापखाने जुन्या फॉन्टांवरच राहिले आणि नवे अंकही त्याच खड्ड्यात पडत गेले.

असो. रफाराकडे येतो. त्या संपादकांच्या फायली आम्ही परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढल्या. जुना फॉन्ट डोळ्यांच्या क्रमाने चालतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून फॉन्टात ती आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार दिसतो शेवटी, पण र् उच्चारतो आधी. परिवर्तकाने वेलांट्या बऱ्याचशा जागेवर नेल्या, रफाराने मात्र दगा दिला. ‘सर्व’चं झालं ‘सवर्’, ‘वर्ष’चं ‘वषर्’, ‘कार्य’चं ‘कायर्’. एक-दोन ठिकाणी नव्हे, पानोपानी. शेवटी संपादकांच्या सूनबाई छापील अंक मोठ्याने वाचत आणि आम्ही पडद्यावर दुरुस्त करत असू. एका कवितेत ‘पर्ण’ आणि ‘पूर्ण’ लागोपाठ आले होते. तिथे सूनबाई थांबल्या आणि म्हणाल्या, हे बरोबर उतरेपर्यंत मी पुढे वाचणार नाही. अंक असा वाचवावा लागतो, मंडळी! आणि ज्यांचा छापील अंकही उरला नाही, त्यांचं काय?

पुढची पिढीही त्यातून सुटलेली नाही. ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी माणसांनी भरभरून लिहिलं. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. किती जणांकडे स्वतःची प्रत होती? मजकूर युनिकोड होता, पण राहत होता दुसऱ्याच्या घरात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत म्हणून. तेव्हा आता भराभर.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेखन साध्या युनिकोड मजकूर-फाइलीत, आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. संकेतस्थळ त्यातून हवं तेव्हा काढता येतं. दोनशे पानांचा अंक दीड-दोन एमबीत बसतो. कोणत्याही संगणकावर, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. ठळक, तिरपं, मथळा यांच्या खुणांसाठी मार्कडाउन आहे, २००४मध्ये जॉन ग्रूबरनी आणलेलं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका (**) घातल्या की तो ठळक. तासाभरात हात बसतो.

मग त्या फोल्डरवर स्टॅटिक साइट जनरेटर चालवायचा. जेकिल २००८चा, ह्यूगो २०१३चा, पेलिकन, इलेव्हंटी असे कितीतरी आहेत. डेटाबेसवरची साइट वाचक आला की पान जुळवायला बसते. हे जनरेटर सगळी पानं एकदाच छापून ठेवतात, सर्व्हरने ती नुसती वाटायची. म्हणून साइट स्वस्तात चालते, वेगाने उघडते आणि हॅक करण्याजोगं तिच्यात फारसं उरत नाही. जेकिल सोडून ह्यूगोकडे गेलात तर पानांच्या मांडणीचा साचा पुन्हा बसवावा लागेल, चार खुणा बदलाव्या लागतील, पण लेख तेच राहतील.

आता मराठीपुरत्या अडचणी. फाइलीच्या माथ्यावर, तीन-तीन आडव्या रेघांच्या (---) दोन ओळींमधे, शीर्षक आणि तारीख लिहायची असते, रकान्याच्या नावापुढे अपूर्णविराम (:) देऊन. तारखेचे आकडे इंग्रजीच (1, 2, 3) ठेवा. आपल्याकडे विसर्गाऐवजी सर्रास अपूर्णविराम टंकतात. शीर्षकात तसं ‘विशेषत:’ लिहून पुढे जागा सोडलीत की यंत्राला वाटतं नवा रकाना सुरू झाला, आणि बऱ्याचदा साइट तयारच होत नाही. खरा विसर्ग टंका, शिवाय शीर्षक अवतरणचिन्हांत ठेवा. फाइलीचं नाव रोमन लिपीत द्या, कारण पत्त्यात देवनागरी आली की ती पसरते, नुसतं ‘मराठी’ पंचेचाळीस चिन्हांचं होतं.

प्रतिक्रियांची सोय यात आपोआप नसते, ईमेलवर मागवा. शोधाची सूची पानांबरोबर तयार करता येते. साचा पहिल्यांदा बसवायला जाणकार माणूस लागतो, हे खरं आहे. पुढे संपादकाला फाइल फोल्डरमध्ये टाकून एक आज्ञा चालवता आली की झालं. फोल्डरची एक प्रत घराबाहेर ठेवा. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टातल्या फायली आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, आणि त्याच लेखाचं छापील पान असेल तर तेही आणा.