राउटरमागचा मोडेम उघडायचा कसा

मंडळी, पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक तक्रार हमखास असते: वायफायच्या काड्या पूर्ण, पण नेट रडतंय. राउटरला दोष देण्याआधी फायबर मोडेमचं पान उघडून ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या उजेडाची ताकद, पाहा. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरचा एक प्रकार) मोडेमला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (ही ताकद मोजायचं एकक) चालतं. ३ डीबी घटले म्हणजे उजेड निम्मा झाला. कोरड्या दिवशी उणे १९ आणि पावसात उणे २६ दिसत असेल, तर जोडात पाणी शिरलंय किंवा वायर कुठेतरी दुमडलीय. हा आकडा लाइनमनला सांगितला की त्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

अडचण अशी की ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता म्हणून १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरचंच पान उघडतं. बऱ्याच मोडेमचा पत्ता तोच असतो आणि बऱ्याच राउटरचाही. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यासारखं हे आहे. म्हणून आधी राउटरच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. सेव्ह केल्यावर फोन, लॅपटॉप वायफायला पुन्हा जोडा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा प्रिंटर यांना पत्ता हाताने भरलेला असेल तर तोही बदलावा लागेल. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरे बंद!

मोडेमच राउटिंग करत असेल, तर काम इथेच संपतं. पण मोडेम ब्रिज मोडमध्ये असेल (म्हणजे नुसता सिग्नल पुढे देत असेल) आणि पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन कंपनीशी होणारी जोडणी) राउटर लावत असेल, तर पत्ता बदलूनही पान उघडत नाही. लोक इथेच हात टेकतात, म्हणून कारण नीट समजून घ्या. राउटर बाहेरची प्रत्येक गोष्ट पीपीपीओईच्या बोगद्यात टाकतो. मोडेमसाठीचा निरोपही त्याच बोगद्यातून कंपनीकडे जातो आणि तिथे टाकून दिला जातो. मोडेम वायरच्या दुसऱ्या टोकाला असूनही त्याला काही कळत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट १९२.१६८.१.१’ (tracert, निरोप कुठल्या वाटेने जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवा: पहिली ओळ राउटरची, मग कंपनीचा एखादा पत्ता, पुढे नुसत्या चांदण्या. असं दिसलं की खात्री झाली.

उपाय म्हणजे राउटरच्या वॅन पोर्टला (जिथे मोडेमची वायर येते) आणखी एक पत्ता देणं: १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची (बाहेर जायच्या वाटेची) जागा रिकामी ठेवा. तिथे मोडेमचा पत्ता भरला तर सगळं नेट तिकडे वळू शकतं आणि घरभर बंद पडतं. टीपी-लिंकच्या पुष्कळ राउटरमध्ये पीपीपीओईच्याच पानावर ‘सेकंडरी कनेक्शन’ असतं, तिथे ‘स्टॅटिक आयपी’ निवडा. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकता येणारी मुक्त प्रणाली) वॅनच्याच पोर्टवर स्टॅटिक प्रकारचा नवा इंटरफेस करा आणि तो फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये (बाहेरच्या बाजूच्या गटात) घाला. झोनची ही पायरी सोडू नका. त्या झोनमधलं मास्करेडिंग लॅपटॉपचा १९२.१६८.२.x पत्ता झाकून राउटरचा १९२.१६८.१.२ पुढे करतं. ते नसेल तर मोडेमला उत्तर कुठे पाठवायचं हेच कळत नाही. राउटरमधून पिंग (उत्तर येतं का ते पाहायची हाक) लागतो, लॅपटॉपवरून लागत नाही, तेव्हा बहुधा हीच चूक असते.

ब्राउझरमध्ये पत्त्याआधी ‘एचटीटीपी’ (http://) पूर्ण टाइप करा. काही ब्राउझर आपोआप सुरक्षित जोडणीकडे वळतात आणि जुन्या मोडेमला ती येत नाही.

पान उघडत नाही म्हणून रिसेटच्या भोकात पिन मात्र घालू नका. ब्रिज मोड आणि कंपनीने भरलेला व्हीलॅन नंबर (कंपनीच्या जाळ्यातला ओळख-क्रमांक) दोन्ही पुसले जाऊ शकतात, आणि मग चालू असलेलं नेटही जातं.

राउटरमध्ये दुसऱ्या पत्त्याची सोयच नसेल, तर लॅपटॉपचं वायफाय बंद करून मोडेमच्या लॅन पोर्टला थेट केबल लावा. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० आणि तोच मास्क द्या. एका पोर्टवर पिंग लागला नाही तर दुसरा पोर्ट बघा, कारण ब्रिजला बांधलेल्या पोर्टवर काही मोडेम आपलं पान दाखवत नाहीत. काम झालं की लॅपटॉपचा पत्ता पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा.